परत जाण्यासाठी आलेलं मूल

प्रश्न : मी 42 वर्षांची, नवरा 45 वर्षांचा. दोघांनाही नोकरी आहे, घर स्वतःचं आहे, सासूबाई आमच्याजवळ असतात. मुलगी सातवीत शिकते. एखाद्या गरजू मुलाला काही वर्षं घरी ठेवून वाढवावं, असं फार दिवस मनात आहे. दत्तक घेण्याची तयारी नाही. ओळखीच्या एका बाईंच्या नात्यात नऊ वर्षांची मुलगी आहे. बाप पितो, आई सतत आजारी. घरचे म्हणतात, ‘खुशाल घेऊन जा, शिकवा.’ तिला सरळ आणता येईल, की सरकारी मार्गानंच जावं लागेल? तिच्या घरच्यांची सावली पुन्हा तिच्यावर पडू नये, यासाठी काय करू? रिकामी खोली आत्तापासून सजवायला घेऊ का?

उत्तर : त्या मुलीला सरळ घरी आणू नका. तिच्या घरच्यांनी हात जोडून सांगितलं तरी नाही, स्टॅम्प पेपरवर लिहून दिलं तरी नाही. असल्या कागदाला काही किंमत नसते. उद्या तिचा हात मोडला तर रुग्णालयात तुम्ही तिच्या कोण? शाळेत सही कोण करणार? बाप दारात येऊन उभा राहिला की ती त्याच पावली परत जाणार, आणि तुमच्याकडे बोलायला जागाच नसणार. ‘शिकवायला म्हणून नेली’ अशा कितीतरी मुली शेवटी भांडी घासताना दिसतात, त्यामुळे शेजाऱ्यांना आणि पोलिसांना तशी शंका आली तर ती गैरही नाही. पैसे दिले-घेतले तर प्रकरण बालविक्रीच्या कलमाखाली जातं.

सरकारी मार्गाचं नाव प्रतिपालकत्व, म्हणजे दत्तक न घेता मूल काही काळ आपल्या घरी सांभाळणं. कार्यालयात सगळे त्याला फॉस्टर केअरच म्हणतात. त्याचा आधार बालन्याय अधिनियम, 2015 चं कलम 44. मूल कुटुंबात ठेवण्याचा आदेश फक्त बालकल्याण समिती देते. अध्यक्ष आणि चार सदस्यांची ही समिती जिल्ह्यात असते. चौकशी, कागदपत्रं आणि पाठपुरावा जिल्हा बाल संरक्षण कक्ष करतो. तुमची पहिली फेरी या कक्षाकडे.

पण आधी त्या नऊ वर्षांच्या मुलीचं बघा. तिच्याबद्दल 1098 या चाइल्डलाइनच्या क्रमांकावर किंवा कक्षाला कळवा. तिच्या घरी जाऊन चौकशी होईल. चौकशी झाली म्हणजे तिला घरातून काढलंच, असं नसतं. मूल शक्यतो स्वतःच्या कुटुंबात राहावं हे कायद्याचं तत्त्व आहे, आणि नुसती गरिबी हे मूल काढून घेण्याचं कारण नव्हे. आईचा आजार गंभीर असेल तर राज्याच्या बालसंगोपन योजनेतून दरमहा 2,250 रुपये मिळू शकतात. प्रायोजकत्वाची, म्हणजे मूल स्वतःच्याच घरी राहावं म्हणून दिली जाणारी, वेगळी मदतही आहे. त्या पैशात, आईच्या उपचारांत आणि बापाच्या व्यसनमुक्तीत प्रश्न सुटत असेल, तर ती मुलगी आपल्या आईजवळच राहील. तुम्ही तिच्यासाठी करू शकाल असं सगळ्यांत मोठं काम कदाचित हा एक फोन असेल. तिला बाहेर ठेवायची वेळ आलीच, तरी ती तुमच्याकडेच येईल याची हमी नाही. या वाटेवर मूल निवडून आणता येत नाही. मुलाला कोणतं घर योग्य, हे पाहिलं जातं. हे पटत नसेल तर इथेच थांबलेलं बरं.

पटत असेल तर अर्जाकडे वळू. केंद्राच्या 2024 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रतिपालकत्वासाठी मुलं साधारण सहा वर्षांपुढची असतात. जोडप्याच्या लग्नाला किमान दोन वर्षं झालेली हवीत आणि दोघांच्या वयांची बेरीज किमान 70 हवी. तुमची 87 होते, म्हणजे अडचण नाही. (एकट्या व्यक्तीलाही आता अर्ज करता येतो, वय किमान 35. एकट्या पुरुषाला मात्र फक्त मुलगाच सांभाळायला मिळतो.) दत्तक प्रक्रियेच्या केंद्रीय पोर्टलवर नोंदणीची सोय आहे, तरी एकदा कक्षात प्रत्यक्ष जाऊन बोला. ओळख, पत्ता, उत्पन्न आणि विवाहनोंदणीचे पुरावे, दोघांची वैद्यकीय प्रमाणपत्रं, पोलीस पडताळणी आणि तुम्हाला ओळखणाऱ्या दोन जबाबदार माणसांची नावं तयार ठेवा. वेळ खातात ती पोलीस पडताळणी आणि नावांतले फरक. आधारवर एक आडनाव आणि विवाह दाखल्यावर दुसरं असेल तर ते आधीच सुधारून घ्या.

मग गृहभेट. लोक घर चकाचक करतात, सरबत पुढे करतात, आणि विचारलेल्या प्रत्येक गोष्टीला ‘हो’ म्हणतात. भेटीला आलेल्या समाजकार्यकर्तीला फरशी बघायची नसते. घरातले सगळे या निर्णयात आहेत का, राग आला की या घरात काय होतं, मूल झोपणार कुठे, दुपारी घरी कोण असतं, हे तिला समजून घ्यायचं असतं. ‘पंधरा वर्षांपुढचं मूल आम्हाला झेपणार नाही’ असं स्पष्ट सांगितलंत तर अर्ज बिघडत नाही, उलट जुळणी नीट होते. तुमच्या बाबतीत एक सूचना : तुमच्या मुलीपेक्षा दोन-तीन वर्षांनी लहान मूल मागा. थोरलेपणाची जागा एका रात्रीत काढून घेतली की घरात जो कलह सुरू होतो तो सहसा लवकर मिटत नाही.

सासूबाईंचा विषय स्पष्टच बोलायला हवा. ‘कुणाची? कुठली? जात कोणती?’ हे प्रश्न पहिल्याच आठवड्यात निघतात. त्या मुलाचं ताट-वाटी वेगळं ठेवलं जाण्याची पुसटशी शक्यता असेल, तर आधी घरात बोला, भांडा, आणि तरीही मन वळलं नाही तर अर्ज करू नका. लहान मुलांना हे दुसऱ्या दिवशी कळतं.

तुमचं नाव मंजूर झालं आणि एखाद्या मुलाबद्दल विचारणा झाली की ‘कधी आणू?’ हा प्रश्न मागे ठेवा. आधी हे विचारा : मूल समितीपुढे का आलं? याआधी किती ठिकाणी राहिलं? भावंडं कुठे आहेत? (कायद्यानं भावंडं शक्यतो एकत्र ठेवायची असतात, त्यामुळे दोघांची तयारी आहे का, हे तुम्हालाही विचारलं जाईल.) आईवडील भेटायला येणार का, किती दिवसांनी? शाळेचे, जन्माचे, लसीकरणाचे कोणते कागद आहेत? कुठलं औषध चालू आहे? कशाला घाबरतं, कशानं शांत होतं? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर फायलीत नसतं, बालगृहातल्या काळजीवाहक ताईंना ठाऊक असतं. त्यांच्याशी अर्धा तास बोलता आलं तर सोडू नका. आदेश हातात पडताना त्यावरची मुदत वाचा. एक वर्षापर्यंतची व्यवस्था अल्पकालीन, त्यापुढची दीर्घकालीन. दीर्घकालीन व्यवस्था आढावा घेत घेत अठराव्या वर्षापर्यंत वाढवता येते. शस्त्रक्रियेसारख्या प्रसंगी संमती कोणी द्यायची आणि जिल्ह्याबाहेर न्यायचं तर कुणाला कळवायचं, हेही त्याच दिवशी विचारून, जमलं तर लेखी घेऊन ठेवा. रात्री दोन वाजता हे शोधत बसायची पाळी येऊ नये.

आता तुमच्या पत्रातलं ते वाक्य. ‘घरच्यांची सावली तिच्यावर पडू नये.’ भावना समजते. पण प्रतिपालकत्व नेमकं याच्या उलट आहे. दत्तकात मूल कायद्यानं तुमचं होतं, इथे होत नाही. नाव, आडनाव, वडिलांच्या नावाचा रकाना, सगळं तिचंच राहतं. आईवडील असमर्थ ठरल्यामुळे मूल बाहेर ठेवलं असेल तर ठरावीक काळानं येऊन भेटण्याची मुभा त्यांना कलम 44 देतं. भेटी मुलाच्या हिताच्या नाहीत असं समितीला वाटलं तर ती कारणं नोंदवून त्या थांबवू शकते. तुम्ही थांबवू शकत नाही. आणि आईवडील पुन्हा सांभाळण्याजोगे झाले असं समितीनं ठरवलं की मूल घरी जातं. म्हणजे तुम्ही ते मूल परत जाण्यासाठी वाढवत असता. हे काम ज्यांना मनापासून मान्य नसतं, त्यांच्या घरी सगळं असूनही मूल दोन्हीकडून फाटतं.

रोजच्या व्यवहारात याचा अर्थ काय, ते सांगते. तिला ‘मला आई म्हण’ असं म्हणू नका. काकू, मावशी, जे तिच्या तोंडी बसेल ते चालेल. आपण होऊन आई म्हणाली तर हरकत नाही, पण पुढच्या भेटीत खऱ्या आईसमोर तिची जीभ अडखळेल, तेव्हा तिला अपराधी वाटू देऊ नका. ती ‘पानी’ म्हणत असेल तर ‘पाणी म्हण’ असं टोकत बसू नका. ती तिच्या आईची भाषा आहे, शाळेतली भाषा शाळेत येईलच. आणलेले कपडे विटलेले असले तरी पहिल्याच दिवशी टाकू नका, विचारल्याशिवाय धुऊही नका, त्यांना घरचा वास असतो. आईचा फोटो मिळाला तर तिच्या उशाशी असू द्या.

भेटीचा दिवस हा सगळ्यांत अवघड. आदल्या रात्री पोट दुखतं, झोप उडते. भेटीनंतर आदळआपट, अबोला, कधी गादी ओली. हे पाहून बहुतेक प्रतिपालक समितीकडे जातात आणि म्हणतात, ‘भेटी बंद करा, मुलीला त्रास होतो.’ त्रास होतो हे खरं, पण भेट झाली म्हणून नाही. भेट संपते म्हणून होतो, ताटातूट पुन्हा नव्यानं होते म्हणून. भेटी तोडल्या तर तो त्रास फक्त दिसेनासा होतो. त्याऐवजी दिवस आणि वेळ ठरावीक ठेवा, दुसऱ्या दिवशी परीक्षा नसेल असं बघा, संध्याकाळ रिकामी ठेवा. आल्यावर ‘काय म्हणाली आई?’ असं खोदून विचारू नका. वडील पिऊन येण्याची भीती असेल तर भेट घरी न ठेवता कक्षाच्या कार्यालयात, कुणाच्या देखरेखीत ठेवण्याची विनंती करा. आणि आई ठरल्या दिवशी आलीच नाही तर? तिची बाजू रंगवून सांगू नका, तिला नावंही ठेवू नका. ‘आज आई आली नाही. का, ते मला ठाऊक नाही. मी कक्षातल्या ताईंना फोन करून विचारते.’ एवढं पुरे. त्या संध्याकाळी तिच्याजवळ बसा. एखादी आई नुसती प्रेमळ नसते, तिनं मारलेलंही असतं, उपाशी ठेवलेलं असतं. तरीही मूल तिच्याचसाठी रडतं. याचा राग येतो तुम्हाला. तो तुमचा तुम्ही कुठेतरी बोलून मोकळा करा, तिच्यासमोर नको.

वागणुकीबद्दल. पहिले काही आठवडे मूल इतकं शहाण्यासारखं वागतं की पाहुण्यांना कौतुकानं सांगावंसं वाटतं. ते शहाणपण म्हणजे बहुतेक वेळा भीती. इथे टिकायचं आहे, म्हणून श्वास रोखून धरलेला असतो. जरा सैलावलं की खरं वागणं सुरू होतं : खोटं बोलणं, तोडफोड, आणि ‘मला इथे नाही राहायचं.’ ‘आमचं काय चुकलं?’ असं तेव्हा वाटतं. चुकलेलं काही नसतं. तुम्ही किती टिकता, हे ते तपासत असतं. अशा वेळी तोंडातून एकच वाक्य जाता कामा नये : ‘असं वागलीस तर परत पाठवीन.’ तिला एकदा पाठवलेलं आहेच, त्यामुळे ही धमकी तिला खरी वाटते, आणि पाठवतात का ते पाहायला ती आणखी जोरात वागते. मारणं नाही, जेवण तोडणं नाही, खोलीत कोंडणं नाही. शिक्षा द्यायचीच तर लहान, त्याच दिवशी संपणारी आणि चुकीशी जोडलेली. सांडलं तर पुसायचं, तोडलं तर मिळून दुरुस्त करायचं.

उशीखाली पोळीचे तुकडे, दप्तरात बिस्किटं सापडली तर चोरी म्हणू नका. कधी उपाशी राहिलेलं मूल साठवतंच. झाकणाचा एक डबा तिच्या नावाचा करा, त्यात न कुजणारा खाऊ ठेवा, तो कधीही, न विचारता खाण्याची मुभा द्या, आणि रोज संध्याकाळी तो भरा. डबा रिकामा राहू देऊ नका, नाहीतर पुन्हा उशी. काही महिन्यांनी तो आपोआप तसाच पडून राहू लागतो. गादी ओली होत असेल तर तिला सगळ्यांसमोर चादर धुवायला लावू नका. गादीवर रबरी कापड, चादरींचे दोन जोड, रात्री उठायला मिणमिणता दिवा. दिवसभराचं पाणी तोडू नका, फक्त झोपण्याआधी तासभर कमी करा. बद्धकोष्ठ आहे का ते पाहा, कारण कोंडलेलं पोट मूत्राशयावर दाब देतं. सातव्या वर्षापुढे हे वरचेवर होत असेल, किंवा आधी गादी कोरडी राहत असताना अचानक सुरू झालं असेल, तर डॉक्टरांना दाखवा. तसंही पहिल्या पंधरवड्यात एकदा पूर्ण तपासणी करून घ्या : डोळे, कान, दात, हिमोग्लोबिन, उवा-खरूज, जंताचं औषध, राहिलेल्या लसी. ‘अभ्यासात लक्ष नाही’ म्हणून ओरडा खाणाऱ्या मुलाला कधी कधी फळाच दिसत नसतो.

शाळा दाखल्यासाठी अडवून बसली तर शिक्षण हक्क कायदा, 2009 दाखवा. सहा ते चौदा वयाच्या मुलाला वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, आणि वयानुरूप वर्गात बसवावं लागतं. वर्ग पाचवीचा आणि वाचन दुसरीचं, असं असेल तर वर्ष वाया घालवण्याऐवजी घरी रोज अर्धा तास वाचन बरं. शाळेत तिची सगळी हकिगत सांगू नका, मुख्याध्यापक आणि वर्गशिक्षिका यांना लागेल तेवढंच सांगा. तिचा फोटो स्टेटसला नाही, सोसायटीच्या ग्रुपवर नाही. मुलाची ओळख उघड करणं कलम 74 नुसार गुन्हा आहे : सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

एखाद्या रात्री ती काहीतरी सांगेल. कुणी कुठे हात लावला, काय केलं. तेव्हा ‘खरंच?’ म्हणू नका, प्रश्नांचा भडिमार करू नका, आणि ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका, कारण ते पाळता येणार नाही. ‘सांगितलंस ते बरं केलंस, तुझी चूक नाही’ एवढं म्हणा. ती झोपल्यावर तिचे शब्द जसेच्या तसे, तारीख-वेळेसह लिहा आणि पोलिसांना कळवा. कक्षालाही सांगा. मुलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या पोक्सो कायद्यानं हे कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हा गुन्हा.

पैशांबद्दल थोडक्यात. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेतून प्रतिपालकत्वासाठी मुलामागे दरमहा 4,000 रुपयांची तरतूद आहे. ते मुलासाठी आहेत, आणि वेळच्या वेळी येतीलच असं धरून घरखर्च बसवू नका. पावत्या एका फाइलमध्ये ठेवा. दर महिन्याला तपासणी असते. तिला पाहणीचं ओझं समजू नका. त्या दिवशी एकच पान पुढे ठेवता आलं पाहिजे : महिन्यात काय बिघडलं, काय सुधारलं, कुठे मदत हवी. झेपत नाहीसं झालं तर चिडून ‘उद्याच घेऊन जा’ म्हणण्याच्या कितीतरी आधी कक्षाला सांगा, समुपदेशन मागा. मूल तडकाफडकी हललं की पुढच्या घरात त्याचा विश्वास बसायला दुप्पट काळ लागतो.

तुमच्या स्वतःच्या मुलीला ‘तू मोठी आहेस, समजून घे’ हे वाक्य रोज ऐकवू नका. तिच्या कपाटाला किल्ली असू द्या. आठवड्यातला एक तास फक्त तिचा, तोही घराबाहेर. घरकामाची वाटणी दोघींना सारखी. नवीन मुलीच्या वाट्याला एक काम जरी जास्त आलं, तरी आपण सुरुवातीला ज्या मुलींबद्दल बोललो, त्यांच्याच रांगेत तिला बसवल्यासारखं होईल.

परत जाण्याचा निर्णय झाला तर तो टप्प्याटप्प्यानं व्हावा असा आग्रह धरा : आधी दिवसभर, मग एक रात्र, मग शनिवार-रविवार. सोबत शाळेचे कागद, लसीकरणाचं कार्ड, औषधं आणि तुमच्याकडच्या दिवसांची एक वही जाऊ द्या, फोटो चिकटवलेली, तिनं स्वतः रंगवलेली. घरी परत जाणं शक्यच नाही आणि मूल दत्तकासाठी कायदेशीररीत्या मोकळं आहे, असं झालं तर दोन वर्षं सांभाळल्यानंतर तुम्हालाही दत्तक मागता येतं. पण त्या आशेवर मूल आणू नका.

राहिली खोली. रंगवू नका, पडदेही आणू नका. भिंत कोणत्या रंगाची, हे तिला ठरवू द्या. कदाचित या घरातला तिचा पहिला निर्णय तोच असेल. दाराला आतून कडी, दिवा, रबरी कापड, दोन चादरी, एवढंच बघा. आणि एक चांगली चेनची बॅग घ्या. ही मुलं बहुधा प्लॅस्टिकच्या पिशवीत आपलं सगळं घेऊन येतात. पिशवीतलं बॅगेत तिचं तिला भरू द्या, आणि बॅग कुठे ठेवायची, तेही तिलाच विचारा.